सिंगापूर: स्वस्तात पोटभर

सिंगापुरात स्वस्त जेवायचं तर मॉलचं फूडकोर्ट सोडा, हॉकर सेंटर, म्हणजे एका छताखाली खाण्याचे अनेक छोटे स्टॉल असलेली जागा, गाठा. चायनाटाउनजवळ मॅक्सवेल, लिटिल इंडियात टेक्का. सगळ्यात किफायतशीर म्हणजे 'चाय पंग': काचेमागच्या भाज्या बोटाने दाखवायच्या, भातावर वाढून मिळतात. दोन भाज्या आणि एक मांसाचा पदार्थ साधारण 4-5 सिंगापूर डॉलरमध्ये होतो. फसगत होते ती मासे-कोळंबीत. त्यांचा दर वेगळा असतो, म्हणून वाढण्याआधी विचारा. शाकाहारी मंडळींनी पालेभाजी पाहून हुरळू नये, तीत सुकी कोळंबी किंवा ऑयस्टर सॉस असू शकतो. पाटीवर '素' हे अक्षर असलेला स्टॉल शोधा.

टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा धरलेली आहे. (आपल्या एसटीतला रुमालच हा!) नाणी आणि सुट्या नोटा जवळ ठेवा, परदेशी कार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही. नावाजलेले स्टॉल दुपारीच संपतात, काही सोमवारी बंद. नुसतं 'कोपी' म्हटलंत तर कंडेन्स्ड दूध घातलेली गोडमिट्ट कॉफी येते. कोरी, बिनसाखरेची हवी तर 'कोपी-ओ कोसोंग' म्हणा. जेवल्यावर ट्रे स्वतः परत ठेवायचा, 2021पासून तसा नियमच आहे.