घाव लागल्यासारखा वाटेपर्यंत

आम्ही बनवत असलेल्या फँटसी आरपीजीतला (रोल-प्लेइंग व्हिडिओ गेममधला) पहिला राक्षस तयार झाला तेव्हा मी खूश होतो. तलवार मारली की त्याच्या डोक्यावर 24 असा लाल आकडा उठायचा आणि तो एक ठरावीक झटका द्यायचा. डोक्यात मारा, नडगीवर मारा, पाठीत मारा, झटका तोच. गेमची गोष्ट लिहिणारा माझा मित्र दहा मिनिटं खेळला आणि म्हणाला, "काय बे, गादी झोडपल्यासारखं वाटतंय." मनाला लागलं, कारण खरं होतं. आरपीजीत लढाईचा सगळा हिशोब आकड्यांत होतो आणि शरीराला त्याची खबरच नसते.

2008 साली आलेल्या जीटीए फोर या गेममध्ये माणसाला धक्का दिला की तो दरवेळी वेगळा धडपडायचा. त्यामागे नॅचरलमोशन कंपनीचं युफोरिया होतं, म्हणजे शरीराची हालचाल त्या क्षणी हिशोब करून ठरवणारं सॉफ्टवेअर. 2018 च्या डीपमिमिक संशोधनात तर आभासी शरीर सराव करून करून कोलांटउडी शिकलं. तेवढं शिकवायला माझ्याकडे ना मशीन होतं ना वेळ. म्हणून मी जुना रस्ता धरला, अ‍ॅक्टिव्ह रॅगडॉलचा. रॅगडॉल म्हणजे चिंध्यांच्या बाहुलीसारखं ढिलं शरीर, आणि अ‍ॅक्टिव्ह म्हणजे ते स्वतःला सावरू बघतं.

यात सांगाडे दोन असतात. एक न दिसणारा, तो नुसती अ‍ॅनिमेशन क्लिप चालवतो. दुसरा दिसणारा. त्याच्या प्रत्येक सांध्याला स्प्रिंग आणि डॅम्पर असतो. स्प्रिंग त्याला पहिल्याच्या पोझकडे ओढते, डॅम्पर त्या ओढीला लगाम घालतो. मध्येच घाव बसला तर शरीर खरोखर ढळतं आणि मग स्वतःला सावरतं.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा राक्षस हिवताप भरल्यासारखा थडथडत होता. आठवडाभर मी स्प्रिंगचे आकडे वरखाली करत बसलो, आणि चूक निघाली वजनात. तलवार मोठी दिसते म्हणून मी तिला 6 किलो दिले होते. माणसाचा पंजा त्याच्या वजनाच्या साधारण 0.6 टक्के भरतो, म्हणजे 70 किलोच्या माणसात 420 ग्रॅम. एवढ्याशा हाताला 6 किलो लटकवले तर गेममधलं फिजिक्सचं गणित डळमळणारच. खरी एकहाती तलवारसुद्धा किलोभरापेक्षा थोडीच जड असते. 1.2 किलो केली आणि थरथर जवळजवळ थांबली.

मग तलवार पाण्यातून फिरवल्यासारखी संथ चालायला लागली. स्प्रिंग कितीही वाढवली तरी फरक नाही. तीन रात्री गेल्या. शेवटी कळलं की युनिटीत, म्हणजे मी गेम ज्यात बनवतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, वस्तूच्या फिरण्याच्या वेगाला मुळातच मर्यादा असते, सेकंदाला 7 रेडियन, म्हणजे जेमतेम एक फेरी आणि वर थोडं. ती 30 केली. आता वार सपकन येऊ लागला, पण ढालीतून आरपार! टोक सेकंदाला 15 मीटर वेगाने जातं आणि फिजिक्स सेकंदातून 50 वेळाच बघतं, म्हणजे दोन नजरांमध्ये 30 सेंटिमीटर निसटतात. म्हणून पातं आधी जिथे होतं तिथपासून आता जिथे आहे तिथपर्यंतचा सगळा पट्टा तपासायला लागलो.

सगळ्यात जास्त दमवलं ते तोलाने. धक्का दिला की राक्षस ओंडक्यासारखा आडवा. मी कमरेची स्प्रिंग घट्ट करत गेलो, तर तो ओंडक्यासारखाच ताठ झाला.

जानेवारीत गड्डा आला, सोलापूरची सिद्धेश्वरांची यात्रा. सिद्धेश्वरांचे सातही नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या, मी लहानपणापासून बघत आलोय, पण यंदा काठीच्या शेंड्याकडे न बघता पेलणाऱ्याच्या पायांकडे बघत चाललो. पांढरी बाराबंदी, कमरेच्या पट्ट्यात रोवलेली उंचच उंच काठी, दोन्ही बाजूंनी गर्दी. काठी पुढे कलली. त्याने ती हातांनी मागे खेचली नाही, दोन छोटी पावलं टाकून तो तिच्याखाली गेला. काठी सरळ. "एकदा बोला भक्तलिंग हर्र बोला हर्र" असा गजर चालला होता आणि मी पावलं मोजत होतो.

माझा राक्षस पाय उचलतच नव्हता, तर सावरणार कसा? घरी येऊन पावलाचं गणित मांडलं. गुरुत्वमध्य जमिनीपासून 0.9 मीटर उंच असेल, तर शरीराच्या वेगाला साधारण 3.3 ने भागायचं. सेकंदाला 1 मीटर वेगाने ढकललं तर पाऊल 30 सेंटिमीटर पुढे पडायला हवं. ते तिथे पडलं की शरीर थांबतं. राक्षस पहिल्यांदा दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि मी आईला उठवून दाखवलं.

पुढचं काम आवडीचं होतं. आरपीजीतले आकडे मी थेट सांध्यांना जोडले. ताकद म्हणजे स्प्रिंग. दमला की सगळ्याच स्प्रिंगा ढिल्या. उजव्या खांद्यावर घाव बसला की त्या खांद्याची स्प्रिंग 40 टक्क्यांवर, मग ढाल खाली लोंबते आणि पुढचा वार कुठे करायचा ते दिसतं. राक्षसाच्या डोक्यावरची रक्ताची पट्टी आणि लाल आकडे मी काढून टाकले.

नायकाला मात्र पूर्ण फिजिक्स देऊ नये, असं माझं ठाम मत झालंय. बटण दाबल्यावर हात उशिरा हलला तर खेळणारा चिडतो, आणि त्याचं बरोबर असतं. नायकाचे पाय आणि कंबर अ‍ॅनिमेशनच्याच ताब्यात ठेवली. फक्त घाव बसल्यावर 0.3 सेकंद छाती आणि हात मोकळे सोडतो.

परवा मित्राला पुन्हा बसवलं. त्याने नडगीवर वार केला, राक्षस मागे सरला, पाठ भिंतीला लागली आणि ढाल खाली आली. मित्र काही बोलला नाही. तासभर खेळत राहिला.

पायऱ्यांवर राक्षस अजून पडतो, कारण पाऊल टाकताना पुढची जमीन सपाटच आहे असं तो धरून चालतो. सध्या तेच काम हातात आहे.