चोवीस डिसेंबरला वाजलेली मरणाची घंटा

वसईतल्या एका धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चखालच्या कॅथलिक वस्तीच्या, ऑफिसात मी बरीच वर्षं काम करतेय. काम काय, तर बाप्तिस्मा, लग्न, मरण यांची रजिस्टरं सांभाळायची, दाखले द्यायचे, मिस्साचे, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचे, हेतू (ती कोणासाठी करायची ते) लिहून घ्यायचे आणि दिवसभर फोन. डिसेंबरात तर फोन खाली ठेवायला मिळत नाही. आमच्याकडे आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आधीच्या आठवड्यांत, लग्नं लावत नाहीत, मग सगळी लग्नं नाताळनंतर येतात आणि त्यांचे कागद मात्र डिसेंबरातच, परदेशातून आलेली मुलं दाखल्यासाठी रांगेत उभी, त्यात कुमसार (पापांची कबुली) ऐकायला बाहेरचे फादर येणार त्यांच्या वेळा, मंडपवाला, साऊंडवाला, आणि गव्हाणीसाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, पेंढा कुठे मिळेल हे पण ऑफिसलाच विचारतात, कारण आता भातशेती फारशी उरली नाही आणि पेंढा आणायला बाहेर फिरावं लागतं.

हे सांगतेय ते २०२४ च्या नाताळचं. २४ डिसेंबर, मंगळवार. त्या वर्षी वसईत तशीही एक पोकळी होतीच, जुलैत आमचे धर्मगुरू आणि मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले होते, नाताळच्या तयारीच्या मीटिंगांमध्ये पण त्यांचा विषय निघायचा. पण ते सगळ्या वसईचं दुःख होतं. चोवीस तारखेला दुपारी चारच्या आसपास फोन आला तो आमच्या एका वाडीतला होता.

"ताई, आई गेली आमची."

सून बोलत होती. आवाज अगदी सरळ, रडणं नाही. दुपारचं जेवून आजी पडली ती उठलीच नाही. डॉक्टर येऊन गेले, सर्टिफिकेट लिहून दिलं, आजीचा मुलगा कुवेतला, त्याला कळवलंय, आता पुढे काय करायचं ते सांगा.

ही आजी कोण ते सांगायला पाहिजे. ती कुठल्या कमिटीवर नव्हती, वेदीजवळ वाचन करणारी नव्हती, तिचं नाव कधी कुठल्या पत्रिकेवर आलं नाही. ती वेदीचे कपडे धुवायची. कितीतरी वर्षं. शनिवारी सकाळी पिशवी घेऊन यायची, वापरलेले कपडे घेऊन जायची आणि मधल्या वारी धुऊन, स्टार्च करून, इस्त्री करून उशीच्या अभ्र्यात घालून परत आणायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, चषक पुसायचे छोटे रुमाल आणि वेदीवर अंथरतात तो चौकोनी कपडा, हे आपण घरचे कपडे धुतो तसे डायरेक्ट धूत नाहीत. पहिलं पाणी आधी वेगळं काढायचं आणि ते मोरीत न टाकता मातीत ओतायचं, कारण त्या कपड्याला ख्रिस्तप्रसादाचा (मिस्सात पवित्र केलेल्या भाकरीचा) कण लागलेला असू शकतो. आजी ते पाणी दारातल्या मोगऱ्याच्या मुळाशी ओतायची. एकदा मी तिच्याकडे गेले होते तेव्हा ती ते करताना बघितलं, दोन्ही हातांनी तांब्या धरून, हळूहळू, आणि ओठ हलत होते. मी काही विचारलं नाही.

आणि आदल्या दिवशीच, तेवीस तारखेला, नाताळच्या रात्रीचा सगळा सेट तिने सुनेच्या हाती पाठवला होता.

तर आता पुढे काय. नाताळच्या दिवशी अंत्यविधीची मिस्सा करता येत नाही. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातला गुरुवार, शुक्रवार, शनिवार, आगमनकाळ आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचे रविवार, आणि नाताळासारखे मोठे सण, या दिवशी दफन करता येतं, प्रार्थना आणि शास्त्रवाचन होतं, पण मयताची मिस्सा नंतरच्या दिवशी. चोवीसला संध्याकाळी उरकणं शक्यच नव्हतं, मुलगा यायचा होता. म्हणजे एक तर पंचवीसला संध्याकाळी मिस्साशिवाय दफन किंवा सव्वीसला सकाळी मिस्सासकट. मी फादरना विचारून दोन्ही सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "आईला मिस्साशिवाय नको. सव्वीस." शीतपेटीसाठी मी फोन करून ठेवला.

मग घंटेचा विषय आला. आमच्याकडे कोणी गेलं की चर्चची घंटा वाजते, एक ठोका, मग थांबायचं, मग परत एक. गावात जो तो हातातलं काम थांबवतो, क्रूसाची खूण करतो आणि विचारतो कोण गेलं. संध्याकाळी पाच वाजता मैदानावर खुर्च्या लागत होत्या, पोरं लायटिंग टेस्ट करत होती, घराघरांत फुगे (पिठाचे तळलेले गोळे) तळले जात होते, इंद्याल (सणाचं मटण) शिजत होतं. दोन-तीन जाणते लोक ऑफिसात आले आणि म्हणाले, आज घंटा नको, मुलाबाळांचा सण आहे, रात्रीच्या मिस्सानंतर ग्रुपवर मेसेज टाकू. त्यांचं म्हणणं वाईट भावनेनं नव्हतं, हे मला माहीत आहे. पण मला ते पटलं नाही आणि मी तसं बोलले. जिने एवढी वर्षं वेदी स्वच्छ ठेवली तिच्या जाण्याची बातमी आपण दाबून ठेवायची, का तर आपला मूड जाऊ नये? फादर शांतपणे ऐकत होते. त्यांनी फक्त घरी फोन लावून विचारलं. सून म्हणाली, "वाजवा फादर. ती गावचीच होती, गावाला कळू दे. पण रात्रीचं काही कमी करू नका, तिला आवडणार नाही."

घंटा वाजली. मी ऑफिसच्या दारात उभी होते. मैदानावर टेस्टिंगसाठी लावलेलं गाणं कोणीतरी बंद केलं, शिडीवर चांदणी बांधणारा पोरगा तिथेच वर थांबला, टोपी काढून. ठोके संपेपर्यंत कोणी हललं नाही, मग हळूहळू कामं परत सुरू झाली.

त्यानंतर जे झालं त्यात माझं काम फार थोडं, सगळं समूहाने केलं. आमच्या धर्मग्रामात वाडीवार छोटे समूह आहेत, थोड्याथोड्या घरांचा एक, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतात, बायबल वाचतात, कोण आजारी आहे, कोणाची फी भरायची राहिलीय ते बोलतात. बऱ्याचदा या बैठकांना पाच-सहा बायकाच येतात आणि पुरुषांना ओढून आणावं लागतं, मला स्वतःला कधीकधी वाटायचं हे नुसतं कागदावर चाललंय. पण त्या संध्याकाळी तासाभरात आजीच्या अंगणात ताडपत्री लागली, खुर्च्या आल्या, शीतपेटी आली, तिचं ठेवणीतलं लाल लुगडं तिला नेसवून झालं, रोझरी (माळेची प्रार्थना) सुरू झाली.

आठच्या सुमाराला एक अवघड गोष्ट झाली. कॅरल, म्हणजे घरोघरी नाताळची गाणी म्हणणारी पोरं त्या वाडीत शिरली. त्यांची फेरी आधीच ठरलेली, डोक्यावर लाल टोप्या, गिटार, ढोलकी, आणि फाटकाशी आल्यावर त्यांना आतली पेटी दिसली. सगळी तिथेच गप्प. मोठा पोरगा ऑफिसच्या मोबाईलवर मला विचारतोय, ताई, आम्ही मागे जाऊ का, पुढच्या वाडीत? तेवढ्यात सून बाहेर आली. म्हणाली, "आलात ना, मग आत या. आईने तुमच्यासाठी कुलकुल करून ठेवलेत." कुलकुल म्हणजे नाताळचा गोड फराळ. हे मला नंतर त्या पोरांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांचे डोळे भरले होते. चपला काढल्या, टोप्या खिशात घातल्या, ढोलकी बाहेर ठेवली, आणि आजीच्या पायाशी उभं राहून एक जुनं मराठी नाताळगीत म्हटलं, वाद्याशिवाय. त्यातली एक पाच-सहा वर्षांची मुलगी तिच्या हातातला खुळखुळा वाजू नये म्हणून मुठीत घट्ट धरून उभी होती. मग सुनेने पत्र्याचा डबा उघडला आणि प्रत्येकाच्या ओंजळीत कुलकुल घातले.

रात्री मयताजवळ कोण बसणार हा खरा प्रश्न होता, कारण नाताळची रात्रीची मिस्सा कोणालाच चुकवायची नसते. समूहाने पाळ्या लावल्या. अर्धे लोक रात्रीच्या मिस्साला, अर्धे घरी, आणि जे घरी बसले ते सकाळच्या मिस्साला. शेजारच्या हिंदू काकू तर म्हणाल्या, तुमच्यातलं कोणी राहिलं नाही तरी चालेल, मी आहे, माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा ही माऊली रात्रभर माझ्याजवळ बसली होती. त्या पहाटेपर्यंत हलल्या नाहीत.

मैदान नेहमीसारखंच भरलं होतं. मिस्साच्या आधी आमच्याकडे ख्रिस्तजन्माची घोषणा गातात, ती मला दरवर्षी आवडते. जगाच्या निर्मितीपासून सुरू होऊन अब्राहाम, मोशे, दावीद असं करत करत ती रोमवर येते, रोम नगरीच्या स्थापनेपासून ७५२ वं वर्ष, १९४ वं ऑलिम्पियाड, ऑगस्टस सीझरच्या राज्याचं ४२ वं वर्ष, आणि मग बेथलेहेम. म्हणजे देव एका ठरावीक वर्षी, ठरावीक गावात, एका बाईच्या पोटी जन्माला आला, हवेत नाही. माझं सगळं आयुष्य तारखा आणि नावं लिहिण्यात गेलंय म्हणून असेल, पण मला त्या ओळी फार जवळच्या वाटतात. त्या रात्री मी वेदीकडे बघत होते. पांढराशुभ्र कपडा, चारी कडांना कडक घडी. तो कोणी इस्त्री केलाय हे मैदानातल्या निम्म्या लोकांना माहीत नसेल. नंतर श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत फादरनी तिचं नाव घेतलं, नुसतं नाव, आणि पुढे "जिने या वेदीची सेवा केली" एवढंच. मिस्सा त्यांनी पूर्ण आनंदाची केली, ग्लोरियाला, म्हणजे देवाच्या गौरवाच्या गीताला, सगळ्या घंटा वाजल्या, बाळ येशूला गव्हाणीत ठेवलं, लोक रांगेने पायाचं चुंबन घ्यायला आले. आजीच्या वाडीतले लोक पण आले, डोळे सुजलेले, पण गात होते.

साधारण त्याच वेळी रोममध्ये पोप फ्रान्सिस सेंट पीटर्स चर्चचं पवित्र दार, जे ज्युबिली म्हणजे खास पवित्र वर्षातच उघडतं, ते उघडत होते, २०२५ च्या ज्युबिली वर्षासाठी. घरी येऊन मी मोबाईलवर बघितलं, व्हीलचेअरवरून दारावर थाप देताना. ज्युबिलीचा विषय होता आशेचे यात्रेकरू. आम्ही आगमनकाळभर त्यावर प्रवचनं ऐकली होती.

पंचवीसला दुपारी मुलाची फ्लाइट उतरली, हायवेला वर्सोवा पुलाजवळ ट्रॅफिक, घरी पोचायला संध्याकाळ झाली. त्या घरी दिवसभर चूल पेटली नव्हती, जेवण शेजारून येत होतं, आणि कोणी कोणाला सांगितलेलं नसताना एकाही घराने तिथे इंद्याल किंवा गोड पाठवलं नाही. भात, डाळ, भाजी. सगळ्यांच्या घरी सण होता आणि सगळ्यांनी त्या घरासाठी वेगळा साधा स्वयंपाक केला.

कबर खणणारा दादा जव्हारकडचा, त्याला सुट्टी दिलेली. रजिस्टर काढून मी आजीच्या नवऱ्याची नोंद शोधली, कुटुंबाची कबर, उघडायला हरकत नव्हती, बरीच वर्षं झाली होती. मग तीच कॅरलची पोरं कुदळ-फावडी घेऊन आली. आमची जमीन समुद्राजवळची, रेताड, खणत गेलं की कडा ढासळतात, फळ्या लावून धराव्या लागतात, आणि हे काम त्यांच्यापैकी कोणी कधी केलेलं नव्हतं. एक म्हातारा कडेला खुर्ची टाकून सांगत होता, इकडे फळी दे, तिकडे ठोक. नाताळच्या दिवशी, सगळ्यांचे नवीन शर्ट बाजूच्या क्रूसांवर टांगलेले. काळोख पडेपर्यंत खणत होते.

सव्वीसला सकाळी मिस्सा झाली. गव्हाणी होती तशीच, पेटी तिच्या समोरच ठेवली, कारण ठेवायला दुसरी जागाच नव्हती. फादरनी पांढरी वस्त्रं घातली होती. चर्च इतकं भरलं की लोक बाहेर पायऱ्यांवर, आणि त्यातले कितीतरी जण असे की ज्यांना आजीचं नाव घंटा वाजल्यावर कळलं असेल. मुलगा मिस्साच्या शेवटी आभार मानायला उभा राहिला आणि त्याला बोलता आलं नाही, तर समूहाच्या प्रमुख बाई उठून त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, तेवढंच.

दुपारी मी नोंद केली. नाव, नवऱ्याचं नाव, वय, मरणाची तारीख, दफनाची तारीख, विधी करणारे फादर. कामधंद्याच्या रकान्यात अशा बायकांसाठी नेहमी "गृहिणी" लिहितात. मी फादरना विचारलं आणि त्याच्यापुढे "वेदीच्या वस्त्रांची सेवा" असं लिहिलं.

त्यानंतर आमच्या धर्मग्रामात एक गोष्ट ठरली. आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक समूह ऑफिसला एक यादी देतो, त्या वर्षात ज्यांच्या घरी मरण झालंय त्या घरांची, आणि कॅरलची पोरं सगळ्यात आधी त्या घरांना जातात. आधी फोन करून विचारतात, येऊ का. बहुतेक जण हो म्हणतात. गेल्या वर्षी एका माणसाने नाही म्हटलं, त्याची बायको ऑक्टोबरात गेली होती, तो म्हणाला यंदा ऐकवणार नाही मला. पोरं गेली नाहीत. त्याच्या नावापुढे मी पेन्सिलने लिहून ठेवलंय, पुढच्या वर्षी परत विचारायचं.