तुम्ही विचारलेत म्हणून: संगणकात पाणी कशाला?

माझ्या कामाच्या खोलीत येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची नजर टेबलाशेजारच्या संगणकाच्या काचेच्या कॅबिनेटवर जाते आणि दोन प्रश्न ठरल्याप्रमाणे येतात: ‘यात पाणी कशाला घातलेत?’ आणि ‘गळले तर?’ गेल्या काही काळापासून त्यात तिसऱ्याची भर पडली आहे, आणि तो प्रश्नापेक्षा निष्कर्षच अधिक असतो: ‘तुमचे एकदा गळले होते ना?’ विचारणारे बहुधा आमच्याच धंद्यातले असतात. बिल्डरसाठी इमारतींची चित्रे आणि वॉकथ्रू, म्हणजे न बांधलेल्या घरातून फिरवून आणणाऱ्या चित्रफिती, करताना ग्राफिक्स कार्ड रात्रभर का जुंपावे लागते, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. आजवर मी ज्याला जेवढा वेळ होता तेवढे उत्तर दिले. आता पूर्ण देते.

पहिले कारण आवाज, आणि तापमान हे दुसरे. सुरुवातीला मी लोकांना हा क्रम उलटा सांगत असे, कारण ‘तापमान’ म्हटले की निर्णय शास्त्रीय वाटतो. आमचे घर नागपुरात, दोन खोल्यांचे. ज्या खोलीत यंत्र चालायचे त्याच खोलीत आई झोपायची. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०९०, म्हणजे पूर्ण भारावर ३५० वॅट उष्णता, आणि तिच्यावर उतारा म्हणून कार्डाचेच तीन छोटे पंखे. एप्रिल-मे महिन्यांत ते पूर्ण वेगाने फिरू लागले की पलीकडच्या माणसाशी आवाज चढवून बोलावे लागे. आईने कधी तक्रार केली नाही. ती फक्त रात्री विचारायची, ‘आज तुझं यंत्र लवकर झोपणार आहे का गं?’ रेंडरिंग, म्हणजे संगणकाने एकेक चित्र तयार करणे, तर पहाटेपर्यंत चालणार असायचे.

तापमानाचे कारणही खोटे नव्हते. या कार्डावर २४ जीबी स्मृती आहे आणि तिच्या चिपांपैकी निम्म्या पाठीमागच्या बाजूला बसवलेल्या आहेत, जिथे मूळ पंख्यांची हवा पोहोचत नाही. त्या चिपा ११० अंशांच्या आसपास पोहोचल्या की कार्ड स्वतःच वेग कमी करते. माझ्याकडे ते दुपारी नित्याचे झाले होते.

आता पाण्याविषयी. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात साधारण साडेतीन हजार लिटर हवा एका अंशाने तापते. प्रोसेसर आणि कार्ड मिळून ५०० वॅट उष्णता टाकत असतील आणि मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल, तर ब्लॉकमधून, म्हणजे चिपांवर टेकवून बसवलेल्या धातूच्या पोकळ ठोकळ्यातून, जाताना ते पाणी जेमतेम पावणेदोन अंशांनी तापते. ही उष्णता मग ३६० मिलिमीटरच्या दोन रेडिएटरवर, म्हणजे पाण्यातली उष्णता हवेला देणाऱ्या जाळ्यांवर, पसरते, आणि तिथे सहा मोठे पंखे इतके सावकाश फिरले तरी पुरते की त्यांचा आवाज भिंतीवरच्या घड्याळाखाली दबून जातो. यात चमत्कार काहीच नाही. पृष्ठभाग मोठा म्हणून पंखे संथ, आणि पंखे संथ म्हणून शांतता, इतकेच.

नागपुरात मात्र हे सांगितले की ऐकणारा लगेच म्हणतो, ‘म्हणजे कूलरच की!’ हा गैरसमज इथल्या माणसाला होणे स्वाभाविक आहे, पण तो गैरसमजच आहे. आपल्या कूलरमध्ये पाणी ताट्यांवरून ओघळते, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते हवेतली उष्णता घेते. म्हणून कोरड्या मे महिन्यात तो बाहेरच्यापेक्षा बरीच थंड हवा देतो. माझ्या यंत्रातले पाणी बंद नळ्यांत फिरते, त्याची वाफ होत नाही, आणि म्हणून ते खोलीच्या तापमानाखाली कधीही जाऊ शकत नाही. खोली ३७ अंशांवर असेल तर पाणी ४६-४७ वर, आणि कार्डाचा कोअर, म्हणजे त्याची मुख्य चिप, साठीच्या आगेमागे. पुण्यातल्या किंवा परदेशातल्या लोकांचे आकडे पाहून इथल्या मुलांनी हुरळून जाऊ नये, असे मला पोटतिडकीने वाटते. हेही मान्य करते की उष्णता नाहीशी होत नाही. ५०० वॅट चिपांतून निघाले की ते खोलीतच येतात, आणि खोलीतला कूलर ते बाहेर ढकलत बसतो. वीजबिलात एक पैसाही वाचला नाही. पाठीमागच्या स्मृतीचिपाही अजून नव्वदीच्या घरात असतात, कारण ब्लॉक पुढच्या बाजूला बसतो आणि मागे फक्त उष्णता पोहोचवणारे मऊ थर्मल पॅड लावलेली धातूची पाटी आहे.

‘गळले तर?’ या प्रश्नाला निराधार म्हणण्याचा माझा हेतू नाही. ॲपलने २००४ साली पॉवर मॅक जी५ हे यंत्र द्रवशीतनासह विकले होते, आणि त्यातल्या काहींतून पुढे द्रव गळून ती निकामी झाली. डिस्टिल्ड वॉटरमधून वीज वाहत नाही हे पहिल्या दिवसापुरते बऱ्याच अंशी खरे असते. तांब्याशी आणि मिसळलेल्या रसायनांशी संपर्क आला की ते हळूहळू वाहक होऊ लागते. म्हणून भरण्यापूर्वी नळ्यांत हवेचा दाब देऊन दाबमापकाचा काटा खाली येतो का ते पाहायचे, नंतर एसएमपीएसवरून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावरून, फक्त पंपाला वीज देऊन, बाकी सर्व बंद ठेवून, प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवून पाणी दिवसभर फिरवायचे. हे मी सर्व केले आहे. एखाद्या जोडाखालचा कागद ओला झाला तर तो वीज सुरू होण्यापूर्वीच कळतो. वीज गेली तर पंपाबरोबर सगळेच बंद होते. नुसता पंप बंद पडला, तरी प्रोसेसर आणि कार्ड आधी वेग उतरवतात आणि नंतर स्वतःला बंद करतात. तेव्हा गळतीची भीती खरी असली तरी तिच्यावर उपाय आहेत, आणि ते जुने, साधे आणि स्वस्त आहेत.

माझ्या बाबतीत जे झाले ते याच्या अगदी उलट होते. पाणी बाहेर आले नाही, ते आतच अडले. आणि ही हकीकत नीट सांगायची म्हणूनच मी लिहायला बसले आहे.

एका गृहप्रकल्पाचा वॉकथ्रू माझ्याकडे होता. अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर बुकिंग सुरू करायचे म्हणून बिल्डरने मोठा पडदा, मांडव, सगळे ठरवून ठेवले होते. काम अर्ध्यावर आले असताना एकेका फ्रेमला, म्हणजे चित्रफितीतल्या एकेका चित्राला, लागणारा वेळ वाढू लागला. चार मिनिटांची फ्रेम पाच मिनिटांवर गेली, नंतर सहावर. कोअर ८३ अंशांना टेकून वेग उतरवत होता. मी आधी रेडिएटरमधली धूळ ब्लोअरने काढली, कारण कूलरच्या दमट हवेत नागपूरची धूळ तिथे चिकटून बसते. फरक पडला नाही. थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि ब्लॉक यांच्यामधला उष्णता पोहोचवणारा लेप, सुकली असेल असे वाटले, पण पेस्ट अशी दर दिवसागणिक ढासळत नाही. पंपाचे फेरे पाहिले. ते नेहमीइतकेच होते, आणि त्या आकड्याने माझा एक पूर्ण दिवस खाल्ला, कारण पंपाचे पाते फिरते आहे एवढेच तो सांगतो, पाणी पुढे जाते आहे की नाही हे सांगत नाही.

शेवटी टाकीतल्या पाण्याचे तापमान आणि कोअरचे तापमान शेजारी शेजारी लिहून काढले तेव्हा उलगडा झाला. त्या दोहोंत पूर्वी पंधरा अंशांचे अंतर असे, आता ते चाळिशीकडे गेले होते, आणि पाणी मात्र नेहमीच्याच तापमानाला होते. रेडिएटर तुंबला असता तर पाणी तापले असते. पाणी ठीक आणि कोअर तापलेला, याचा अर्थ उष्णता पाण्यापर्यंत पोहोचतच नव्हती. दोष ब्लॉकमध्ये होता, म्हणजे यंत्र रिकामे करून कार्ड बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि चित्रफितीचा उरलेला अर्धा भाग त्याच कार्डाची वाट पाहत होता.

रात्री अकराच्या सुमारास पाणी सोडले. आई पातेले धरून बसली होती आणि एक शब्दही बोलत नव्हती, ज्याचा मला त्या क्षणी फार राग आला. ब्लॉकचे ॲक्रिलिकचे झाकण उघडले. आत, कार्डाच्या कोअरच्या नेमक्या वर येणाऱ्या जागी, तांब्याच्या अगदी पातळ पापुद्र्यांची रांग असते. त्यांच्यामधल्या फटी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही अरुंद असतात आणि सगळी उष्णता तिथेच पाण्यात उतरते. त्या रांगेवर घट्ट पेजेसारखा पांढुरका, चिकट थर बसला होता. पारदर्शक पीव्हीसी नळ्या ज्या द्रव्यामुळे लवचीक राहतात ते प्लास्टिसायझर सुटून पाण्यात उतरले होते आणि सर्वांत अरुंद जागा शोधून तिथे साठले होते. नळ्या बाहेरून दुधाळ झाल्या होत्या हे मी पाहिले होते. तो केवळ रंगीत कूलंटचा, म्हणजे नळ्यांत भरलेल्या शीतनद्रवाचा, डाग आहे असे दुकानात सांगितले गेले होते, आणि दोन वर्षे काही पाहावे लागणार नाही असेही.

साफ करणे कठीण नव्हते. ॲक्रिलिकला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागले की त्यावर बारीक तडे जातात आणि व्हिनेगर निकेलचा मुलामा खाते, म्हणून कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश, आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरने विसळणे. अडले ते थर्मल पॅडवर. ब्लॉक काढताना ते फाटले, आणि त्यांची जाडी नेमकी लागते: जाड बसवले तर कोअर ब्लॉकला टेकत नाही, पातळ बसवले तर स्मृतीचिपा उघड्या राहतात. इथल्या बर्डीवरच्या बाजारातल्या दुकानांत मला हवी ती जाडी मिळाली नाही. मुंबईहून कुरिअरने मागवावे लागले, आणि मुहूर्त त्याच्या आत होता.

बिल्डरच्या माणसाला मी फोन करून खरे ते सांगितले: शीतनयंत्रणा बंद ठेवावी लागली आहे, उशीर होईल. तो हसून म्हणाला, ‘मॅडम, कॉम्प्युटरमध्ये पाणी शिरलं का?’ मी ‘नाही’ म्हटले, समजावून सांगू लागले, आणि त्या समजावण्यातच माझी बाजू पडत गेली हे मला जाणवत होते. उरलेल्या फ्रेम एका ओळखीच्या स्टुडिओत काढल्या, साध्या पंख्यांच्या, कानठळ्या बसवणाऱ्या यंत्रांवर. चित्रफीत मुहूर्तानंतर पोहोचली. पैसे कापले गेले, ते समजण्यासारखे होते. ते गिऱ्हाईक परत आले नाही, तेही समजण्यासारखे होते. पण ‘तिच्या कॉम्प्युटरमधलं पाणी गळलं आणि काम बुडालं’ ही कथा जी फिरली, ती आजतागायत माझ्याच घरात माझ्याच समोर मला ऐकवली जाते. एक थेंबही बाहेर आला नव्हता. तो आला असता तर बरे झाले असते, असे मी कधीकधी रागाने म्हणते. निदान लवकर कळले असते.

आता नळ्या काळ्या ईपीडीएम रबराच्या आहेत, ज्यांतून असे काही सुटत नाही, आणि कूलंट रंगहीन आहे. पाहणाऱ्याला आत पाणी आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. यावर जुनी मी नव्या मला विचारते की, मग काचेचे कॅबिनेट कशाला ठेवलेस? पारदर्शक नळ्या मी शोभेसाठी घेतल्या, हा आरोप मी पूर्णपणे मान्य करत नाही. पारदर्शक नळीत बुडबुडे दिसतात, पाण्याचा रंग बदललेला दिसतो. काळ्या नळीत काय चालले आहे ते ब्लॉक उघडल्याशिवाय समजत नाही. म्हणजे तेव्हा मला दिसत होते पण अर्थ लागला नव्हता, आणि आता अर्थ लागेल पण दिसत नाही. मध्ये एक प्रवाहमापक बसवला आहे, त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवते.

‘तयार एआयओ (कारखान्यातून पाणी भरून, बंद करून येणारा संच) का नाही घेतला?’ असे विचारणाऱ्यांना थोडक्यात: तो बहुधा प्रोसेसरसाठी असतो, माझी उष्णता कार्डात आहे. ‘फिल्टरचे पाणी चालत नाही का?’ असे विचारणाऱ्यांनी आपल्या कूलरच्या ताट्यांवर बसलेला पांढरा क्षार एकदा पाहावा. आरओच्या पाण्यातही क्षार शून्य नसतात. आणि ‘हे हौशी लोकांचे खूळ आहे’ म्हणणाऱ्यांना एवढेच सांगेन की पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतला परम ब्रह्म हा महासंगणकही द्रवानेच थंड केला जातो. या युक्तिवादात खोट आहे हे मलाही ठाऊक आहे, कारण तिथे देखभालीला माणसे आहेत आणि इथे मी आणि पातेले.

पैशांचा प्रश्न मी इतका वेळ टाळला. ब्लॉक, पंप, रेडिएटर, जोड आणि नळ्या यांच्या खर्चात त्या काळी मध्यम प्रतीचा दुसरा संगणक आला असता, आणि तो शेजारच्या खोलीत ठेवता आला असता. पंप आणि रेडिएटर पुढच्या यंत्रातही चालतील, पण कार्डाचा ब्लॉक त्याच कार्डाच्या आखणीवर कापलेला असतो. कार्ड बदलले की तो कवडीमोल. आई आता भावाकडे पुण्याला असते, त्यामुळे ज्या शांततेसाठी हे सुरू केले तिची गरज असलेले माणूस खोलीत नाही. मी मात्र त्या शांततेला सरावले आहे, आणि ही सवय गरज म्हणून मोजायची की नाही हे मला ठरवता आलेले नाही. नवे कार्ड घ्यायचे आहे. त्याच्या जोडीला नवा ब्लॉक मागवायचा की पंख्यांसह जसे येईल तसे बसवायचे, हा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडून झाला आहे, आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळे आले आहे.