तुम्ही विचारलंत म्हणून: बुजणाऱ्या शिंगराची भीती कशी घालवायची?

मी तरुण घोडे शिकवते हे कळलं की पाच मिनिटांत एक प्रश्न येतोच. घोडा दोन-तीन वर्षांचा आहे, बाकी एकदम गुणी, पण प्लॅस्टिकची पिशवी उडाली, कुणी छत्री उघडली, कोपऱ्यात ताडपत्री दिसली की बुजतो, कधी कधी तर दोर सोडवून उधळतो, तर याची भीती कशी घालवायची? दर वेळी मी उभ्या उभ्या काहीतरी तुटक सांगते आणि समोरच्याचं समाधान झालेलं नसतं, म्हणून आता एकदाच सगळं लिहितेय.

तर पहिली गोष्ट, भीती घालवायच्या मागे लागू नका. आज पिशवीची घालवाल, उद्या फुगा येईल, परवा कुणीतरी निळ्या रंगाची खुर्ची आणून ठेवेल. जगातल्या वस्तू संपत नाहीत. शिकवायचं असतं ते हे, की दचकलास तरी हरकत नाही, पण पळण्याआधी थांब, बघ, आणि मग माझ्याकडे कान कर. एवढं ज्या घोड्याला जमलं त्याला मी धीट म्हणते, मग तो दिवसातून चारदा दचकला तरी चालेल.

आता तो बुजतो का? मूर्ख आहे म्हणून नाही, त्याचं शरीरच तसं आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळजवळ 350 अंशांपर्यंतचं दिसतं, फक्त बरोबर शेपटीमागे आणि कपाळाच्या अगदी पुढे, नाकाखाली दिसत नाही. म्हणून "बघ रे, काही नाहीये" म्हणत छत्री त्याच्या तोंडासमोर नेणारी माणसं बघितली की मला घाम फुटतो, कारण इतका वेळ दिसत असलेली वस्तू नेमकी जवळ आल्यावर गायब होते, आणि मग तो मान वर उडवतो तो तुमची हनुवटी घेऊनच. लाल आणि हिरवा त्याला नीट वेगळे कळत नाहीत, निळा आणि पिवळा मात्र छान कळतात. आणि उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे भर उन्हातून तबेल्याच्या दारात पाऊल टाकताना जो घोडा अडून बसतो तो हट्टी असेलच असं नाही, त्याला आत खरंच काही दिसत नसेल. अर्धा मिनिट थांबा की.

बरं, मग करायचं काय. सध्या माझ्याकडे एक कोवळी घोडी आहे, अंगाने भरलेली पण मनाने अजून शिंगरूच, तिचंच सांगते. रिंगणाच्या एका टोकाला घडी घातलेली निळी ताडपत्री ठेवली होती. उलगडलेली नाही हां, घडी घातलेली, चारी बाजूंना वजन ठेवून. आम्ही दुसऱ्या टोकाने आत आलो. निम्म्या वाटेवर तिची मान वर गेली, दोन्ही कान टवकारून त्या ताडपत्रीवर रोखले, नाकपुड्या फुलल्या आणि श्वास थांबला. ही जागा सगळ्यात महत्त्वाची. घोडा बघतोय पण अजून पळत नाहीये, ती ही सीमा. बहुतेक लोक इथे दोर ओढतात, "चल चल" करतात. मी थांबले, दोर सैल सोडला आणि तिच्या खांद्यापाशी उभी राहिले, ताडपत्रीकडे न बघता. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तिने डोळे मिचकावले, एक कान जरासा माझ्याकडे फिरला, आणि नाकातून तो लांब फुर्रर्र श्वास सुटला. त्याच क्षणी मी तिला वळवून ताडपत्रीपासून लांब घेऊन गेले.

हे बघणाऱ्यांना फार विचित्र वाटतं. अहो, जवळ न्यायचंय ना तिला, मग लांब का नेताय? कारण घाबरलेल्या घोड्याला जगात सगळ्यात मोठं बक्षीस काय, तर लांब जायला मिळणं. ते बक्षीस ती कशाबद्दल मिळवतेय हे तुमच्या हातात आहे. हिसडा मारून पळाल्यावर मिळालं तर ती हिसडा शिकते, थांबून श्वास सोडल्यावर मिळालं तर थांबायला शिकते. पुढच्या फेरीला ती आपणहून थोडी पुढे जाऊन थांबली, मग आणखी पुढे. मग आली ती गंमतशीर अवस्था, पुढचे पाय ताडपत्रीकडे, मागचे पाय घराकडे, आणि मधे मान रबरासारखी ताणलेली. नाक टेकलं, तिच्याच फुंकरीने ताडपत्रीचा कोपरा सळसळला आणि बाई चारी पायांवर मागे उडाल्या. मी काही बोलले नाही, दोर लांब होता तो जाऊ दिला. दोन उड्यांनंतर ती वळली आणि स्वतःच परत बघायला आली. शिकवणीत मला हवा असतो तो हा क्षण. नाक टेकलं का हा मुद्दाच नाही. घाबरून मागे गेली आणि कुणी न ओढता परत आली, बस, त्या दिवशीचा धडा तिथेच बंद.

पिशवीचं तंत्र थोडं वेगळं, कारण पिशवी हलते. काठीला पिशवी बांधून घोड्याच्या अंगावर हलवायची असं सगळे करतात, आणि घोडा पळाला की दचकून काठी खाली घेतात. झालं! घोड्याला अगदी स्वच्छ कळलं की पळालं की पिशवी जाते. करायचं ते उलट. घोड्याला फक्त कान फिरवावासा वाटेल इतक्या लांबून, हळू, एका लयीत हलवायला लागा, पाय स्थिर राहिले की लगेच खाली. आणि पाय हललेच तर? तर जोर वाढवू नका आणि एकदम बंदही करू नका, होती तशीच लय ठेवून त्याच्यासोबत चाला, पाय थांबले की त्या क्षणाला बंद. पण खरं सांगू का, इथपर्यंत वेळ आली याचा अर्थ आपण सुरुवातच फार जवळून केली. पुढच्या वेळी अंतर दुप्पट.

याहून सोपी एक युक्ती आहे जी मला फार आवडते. दुसऱ्या कुणाला तरी ती पिशवी किंवा ताडपत्री घेऊन घोड्याच्या पुढे, त्याच्यापासून लांब लांब चालत जायला सांगा आणि तुम्ही घोड्याला घेऊन मागून जा. पळणाऱ्या वस्तूला घोडा घाबरत नाही, उलट त्याला कुतूहल वाटतं. थोड्या वेळात तोच पाठलाग करतोय आणि भुताने घाबरून पळ काढलाय असा सीन होतो. पुढच्या माणसाने मधेच थांबायचं, घोडा थांबला की परत चालायचं. एकदा त्याला वाटलं की मी याला पळवू शकतो, की निम्मं काम झालं.

आता त्या दुसऱ्या पद्धतीबद्दल, जी तुमच्यापैकी अनेकांना कुणीतरी सांगितलेली असते. घोडा पक्का बांधा, आजूबाजूला पिशव्या, डबे, जे असेल ते लटकवा, नाचू दे तासभर, दमला की गप्प उभा राहील. राहतो ना, गप्प उभा राहतो. पण तो शांत झालेला नसतो, त्याने हात टेकलेले असतात. त्याच्याकडे जवळून बघा, पापणी हलत नाही, ओठ घट्ट, शेपूट आत दाबलेली, श्वास वरच्या वर, खाऊ पुढे केला तर घेत नाही किंवा दात लावून ओढून घेतो. असा घोडा एक दिवस अचानक फुटतो आणि मग लोक म्हणतात, कालपर्यंत तर काहीच नव्हतं हो. डेन्मार्कमध्ये 2006 मध्ये दोन वर्षांच्या 27 घोड्यांवर एक प्रयोग झाला होता, हलणाऱ्या पांढऱ्या नायलॉनच्या पिशवीची सवय लावायचा. काहींना थेट पूर्ण पिशवीच दाखवली, काहींना खाऊ देत देत, आणि काहींना पायरीपायरीने. पायरीपायरीवाले सगळ्यात कमी उधळले, कमी धड्यांत शिकले आणि सगळेच्या सगळे शिकले. आणि आणखी एक गोष्ट दिसली, बाहेरून घोडा शांत दिसायला लागल्यावरही हृदयाचे ठोके वर-खाली होतच होते. म्हणून "उभा राहिला ना" एवढ्यावर माझं समाधान होत नाही.

मारण्याबद्दल मी फार लिहिणार नाही. ग्रीक सेनानी झेनोफनने इसवी सनपूर्व चौथ्या शतकातच लिहून ठेवलंय की घाबरलेल्या घोड्याला मारलं तर त्याला वाटतं हे दुखणं त्या वस्तूमुळेच आलं. त्याने उपायही सांगितलाय, वस्तूला आपण स्वतः आधी हात लावा आणि घोड्याला हळूच जवळ आणा. एवढी जुनी गोष्ट आहे, आणि आजही कुणीतरी चाबूक हातात घेऊन "याला धडा शिकवतो" म्हणत असतो.

तुमचं स्वतःचं काय चाललंय तेही बघा. स्वीडनमधला 2009 चा एक अभ्यास मी प्रत्येकाला सांगते. माणसांना घोडा घेऊन एका ठरलेल्या वाटेने चार फेऱ्या मारायच्या होत्या, काही जण पायी, काही पाठीवर बसून. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितलं की आता घोडा जवळून जाताना छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. पण माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. छत्री फक्त माणसाच्या डोक्यात होती! त्यामुळे ताडपत्रीजवळ पोचताना श्वास सोडा, खांदे खाली, दोरावरची मूठ सैल. नसेल जमत तर त्या दिवशी नुसती मालिश करा, घोड्याचं काही बिघडत नाही.

खाऊ द्यावा का असंही विचारतात. द्या, पण शांत झाल्यावर, आमिष दाखवून ओढत नेऊ नका, कारण मग तोंड पुढे जातं आणि मन मागेच राहतं. मला खाऊपेक्षा खाजवणं बरं वाटतं, आयाळ जिथे संपते तिथे, मानेच्या मुळाशी. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात आणि तिथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके कमी होतात हे फ्रान्समधल्या 1993 च्या अभ्यासात मोजलेलं आहे. पाठीवर धपाधप थापा मारण्यात मात्र मजा आपल्यालाच येते.

आणि एखादा पोक्त, अनुभवी घोडा असेल तर त्याला सोबत उभा करा. माझं निम्मं श्रेय असल्या म्हाताऱ्यांना जातं. शिंगरू त्याच्याकडे बघतं, तो डुलक्या काढतोय, मग हे तरी किती वेळ फुरफुरणार? फक्त तो खरंच शांत हवा, नाहीतर दोघं मिळून कुंपण तोडतील.

"पण काल तर इथूनच गेला होता ना!" ही तक्रारही नेहमीची. जाताना चालला, येताना त्याच वस्तूला बुजला. यावर लोक सांगतात की घोड्याचा एक डोळा काय बघतो ते दुसऱ्याला कळत नाही. तसं नाहीये, 1999 मध्येच प्रयोगांत दिसलंय की एका डोळ्याने शिकलेलं दुसऱ्या डोळ्यालाही ओळखता येतं. पण दुसऱ्या बाजूने वस्तू वेगळी दिसते हे खरं. अमेरिकेत 2021 मध्ये तरुण घोड्यांना लहान मुलांच्या खेळण्याच्या प्लॅस्टिकच्या सेटची सवय लावली, मग तोच सेट फिरवून ठेवला, तर घोडे नवीनच काहीतरी बघितल्यासारखे वागले. त्यामुळे डावीकडून, उजवीकडून, येताना, जाताना, उभी, आडवी असं सगळं दाखवायचं. कंटाळवाणं आहे, पण करायचं.

हे सगळं करताना दोर हाताला गुंडाळायचा नाही, कधीच नाही, घडी करून धरायचा. घोडा आणि भीतीची वस्तू यांच्या बरोबर मधे उभं राहायचं नाही आणि त्याच्या पळायच्या वाटेवरही नाही, दचकला तर मोकळ्या बाजूला जाता यावं अशी जागा त्याला ठेवायची. हेल्मेट जमिनीवरून काम करतानाही घालायचं. आणि खूप वारा सुटलाय, आधीच पायाला डॉक्टरांनी हात लावलाय, सोबतीचा घोडा लांब नेलाय, अशा दिवशी नवीन वस्तू काढूच नका, एकावर एक भीती चढत जाते आणि शेवटी फुटते ती बिचाऱ्या पिशवीवर.

किती दिवस लागतील याचं उत्तर मी देत नाही, घोडी कोणती, आधी काय भोगलंय, यावर सगळं आहे. एका वेळी पाच-दहा मिनिटं पुरे, आणि चांगलं चाललंय म्हणून "अजून एकदा" करायचा मोह आवरा.

एक प्रकार मात्र वेगळा. आधी व्यवस्थित असलेला घोडा अचानक बुजायला लागला, त्यातही एकाच बाजूच्या वस्तूंना, किंवा संध्याकाळच्या उजेडात जास्त, तर हा शिकवणीचा प्रश्न समजू नका. घोड्यांमध्ये डोळ्याच्या आत पुन्हा पुन्हा सूज येणारा एक आजार असतो, त्याने हळूहळू नजरही जाते, आणि सुरुवातीला बाहेरून फक्त डोळ्यातून पाणी येणं किंवा डोळा अर्धवट मिटून ठेवणं एवढंच दिसू शकतं. दात, पाठ, खोगीर लागतंय का हेही बघून घ्या, पण डोळे आधी. पशुवैद्यांना बोलवा, आणि ते येईपर्यंत त्या घोड्याजवळ जाताना लांबूनच आवाज देत जा.