सरांचं ८०५१

स्मरणिकेसाठी लिहा म्हणून ग्रुपवर मेसेज आला, गॅदरिंग, सहल, छडी यावर बाकीचे लिहितीलच, मी आपला गणिताच्या तासावर लिहितो.

नववीला आम्हाला जे सर होते (नाव छापायचं नाही असा त्यांचाच दम आहे) ते तास संपत आला की फळ्यावर एखादी संख्या टाकायचे आणि म्हणायचे, चला, मूळ अवयव पाडा. एकदा दिली ८०५१. आम्ही सगळे वहीत उभी रेघ मारून बसलो, ३ ने भाग जात नाही, ७ ने जात नाही, ११ ने पण नाही, तोवर बेल व्हायला आली. मग सरांनी शेजारी एवढंच लिहिलं, ८१०० − ४९. म्हणजे ९० चा वर्ग वजा ७ चा वर्ग, सूत्र लावा, ८३ गुणिले ९७, विषय संपला. ही सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची युक्ती, पण सर नावबिव सांगत बसले नाहीत, डस्टर उचललं आणि गेले.

पुढे पुण्यात कॉम्प्युटर सिक्युरिटीच्या कामाला लागलो तेव्हा आरएसएशी गाठ पडली. १९७७ साली एमआयटीतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी काढलेली, संदेश कुलूपबंद करून पाठवायची पद्धत. दोन अवाढव्य मूळ संख्या घ्यायच्या, गुणाकार जगाला सांगायचा, त्या दोघी मात्र लपवून ठेवायच्या. गुणायला कॉम्प्युटरला क्षणही लागत नाही पण उलटं जायचं म्हटलं की घाम फुटतो. २०२० मध्ये २५० अंकी संख्या फोडली ती खूप मशीन एकदम लावून, एकाच कोअरवर (प्रोसेसरच्या एका भागावर) बसले असते तर साधारण २७०० वर्षं लागली असती! आणि आज सर्रास वापरतात ती २०४८ बिटची किल्ली, म्हणजे तो जगाला सांगितलेला गुणाकार, ६१७ अंकी असते, बँकेच्या साइटच्या सर्टिफिकेटमागे बऱ्याचदा हीच.

पण त्या दोन मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळ असल्या तर ६१७ अंक असून काही उपयोग नाही. गुणाकाराचं वर्गमूळ काढायचं, त्याच्या लगेच पुढच्या संख्यांचे वर्ग घेत जायचं, त्यातून तो गुणाकार वजा करून पूर्ण वर्ग उरला की झालं काम, डिट्टो ८०५१. कुणी एवढा वेडेपणा करेल असं वाटत नाही ना? २०२२ मध्ये काही प्रिंटरमधल्या किल्ल्या अशाच निघाल्या, हान्नो ब्योक नावाच्या जर्मन माणसाने शोधून काढल्या. टीममधल्या नव्या पोरांना मी स्लाइड न दाखवता सरळ ८०५१ दिलं, कळलं लगेच.

आता तर अवयवांची सद्दीच संपत आलीये. पीटर शोअर या गणितज्ञाने १९९४ मध्येच दाखवलं होतं की पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर (अणूंच्या जगातले नियम वापरून चालणारा) हे अवयव झटक्यात पाडेल, तसा अजून कुणाकडे नाही, पण ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने अवयवांवर न चालणाऱ्या नव्या पद्धती जाहीर केल्यात आणि आमचं सध्या तेच चाललंय, जुन्या किल्ल्या कुठे कुठे आहेत ते हुडकायचं आणि बदलायच्या. सरांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, अवयव नाहीत तर मग ते नवीन कशावर चालतं? फोनवर नाही समजवता आलं, दिवाळीत वही घेऊन जाणार आहे त्यांच्याकडे.