निर्वात सोसायटी, बिल्ड 14: वॉचमनला बोलतं केलं

13 जुलै, रविवार

मी बनवत असलेल्या गेमच्या बिल्ड 13 चं, म्हणजे चाचणीसाठीच्या आवृत्तीचं, टेस्टिंग झालं आणि तोंड कडू झालं. कर्वेनगरला मित्राच्या हॉलमध्ये आम्ही सहा जण, दोन लॅपटॉप, मधे चिवड्याचं ताट. पहिली वीस मिनिटं नुसता हशा. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होतो. चाळिसाव्या मिनिटाला एकाने काही न बोलता हेडफोन काढून गळ्यात अडकवला आणि तसाच खेळत राहिला. म्हणजे गेम हवाय, आवाज नकोय. तोंडाने कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नसतं.

घरी येऊन लॉग फाइल (खेळताना काय काय घडलं त्याची नोंद) उघडली. वॉचमनचं "थांबा, आधी गेटपास दाखवा!" हे वाक्य त्याने 53 वेळा ऐकलं होतं. लिहिलं तेव्हा मला ते फार भारी वाटलं होतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: 'निर्वात सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' ही शनीभोवती फिरणारी जुनाट सोसायटी. आपण थकबाकी वसुलीला गेलेला कारकून, एका हातात प्लाझ्मा बंदूक, दुसऱ्यात पावतीपुस्तक. सोसायटीचे यंत्र-वॉचमन अकरा वर्षं पगार न मिळाल्याने बिथरलेत. गोडो 4 (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) वर करतोय, ऑफिसातून आल्यावर, जेवणं झाली की.

दुखणं कुठे आहे ते कळायला वेळ लागला. नाटकात विनोद एकदा येतो. शूटरमध्ये, म्हणजे गोळीबाराच्या गेममध्ये, बोलणारा मरतो आणि पुढच्या वळणावर त्याचा जुळा भाऊ तेच बोलतो. तेव्हा शूटरमधलं वाक्य चुटक्यासारखं लिहून चालत नाही, भाजीवाल्याच्या आरोळीसारखं लिहावं लागतं. रोज तीच आरोळी ऐकून आपण हसत नाही, पण वैतागतही नाही, कारण भाजीवाला कुठल्या गल्लीपर्यंत पोचलाय ते तिच्यातून कळतं.

हे डोक्यात ठेवून जुने गेम परत लावले. झाग्रेबच्या क्रोटीमचा 'सीरियस सॅम' (2001) घ्या. त्यातला मुंडकं नसलेला कामिकाझे दोन्ही हातांत बॉम्ब घेऊन जिवाच्या आकांताने ओरडत पळत येतो. डोकंच नाही तर ओरडतो कुठून, हा झाला विनोद. पण ती ओरड डावीकडून येतेय की पाठीमागून, यावर आपला जीव असतो. शंभरदा ऐकली तरी ती शिळी होत नाही, दर वेळी ताजी बातमी आणते. त्याच वर्षीच्या पहिल्या 'हेलो'मधले ग्रंट नावाचे शत्रू तसेच. बुटके, पाठीवर मिथेनची टाकी, आणि त्यांचा म्होरक्या एलिट पडला की हात वर करून किंचाळत सैरावैरा. हसू येतं आणि त्याच दमात कळतं की मोठा गेला, आता घुसा.

'हाफ-लाइफ 2' (2004) मधला स्टेशनातला पोलीस तर मास्तरच आहे. मुद्दाम डबा खाली पाडतो आणि 'उचल, कुंडीत टाक' म्हणून दरडावतो. आपला अपमान होतोय असं वाटतं, प्रत्यक्षात वस्तू उचलायची कशी त्याचा तो धडा आहे. डबा निमूट कुंडीत टाका नाहीतर त्याच्याच डोक्यात घाला (मग दांडका घेऊन मागे लागतो), धडा दोन्हीकडून पुरा होतो.

उलटं उदाहरणही पाहिलं. 'ड्यूक न्यूकेम 3डी' 1996 चा, त्यातली शेरेबाजी तेव्हा ताजी होती. पुढचा भाग 1997 ला जाहीर झाला आणि आला 2011 ला. तोवर शेऱ्यांना दाढी आली. 'हाय ऑन लाइफ' (2022) मध्ये तर बंदुकाच बडबडतात, आणि ती बडबड कमी करायची सोय सेटिंगमध्ये आहे. हेडफोन काढणारे मित्र त्यांनाही असणार.

तर नियम केला. लढाई चालू असताना जे वाक्य खेळणाऱ्याला काही सांगत नाही ते बाद. 118 वाक्यांतली 31 उरली. बाद झालेल्यांत माझी सगळ्यात आवडती चार होती.

22 जुलै

दोन दिवस धो धो पाऊस, त्यात नेट गेलेलं. बरंच झालं, वाक्यं लिहून काढली.

आणि लिहिताना एक गोष्ट लक्षात आली, जी इंग्रजी गेम खेळताना कधी येणार नाही. मराठीत क्रियापद शेवटी, विनोदाची नांगीही बहुतेक शेवटी, आणि नेमक्या त्याच वेळी आपला हिरो बंदूक चालवतो. "त्या खांबामागे एक जण लपलाय" मधलं ऐकू येतं "त्या खांबामागे ए". ऐकणारा तिकडे बघेपर्यंत गोळी लागलेली.

पण घाईत, रागात आपण क्रियापद शेवटी ठेवतो कुठे? "उतू गेलं ना दूध!" "आली बस!" "पडशील मेल्या!" स्वयंपाकघरात आणि बसस्टॉपवर मराठी वाक्य आपोआप उलटं होतं. तेच उचललं. आधी बातमी, मागाहून शेपूट. शेपूट गोळीबारात बुडालं तरी हरकत नाही.

आपण दिसलो की: "आले वसुलीवाले!" नजरेआड झालो की: "गेला कुठे? सही तरी केली का?" बॉम्ब टाकण्याआधी: "टाकतोय हं, नंतर तक्रार नको." चार्ज संपत आला की: "संपलं चार्जिंग, उद्या या." एकटाच उरला की: "गेले वाटतं सगळे चहाला..." हे शेवटचं ग्रंटांकडून शिकलेलं. ते ऐकलं की खेळणारा आडोसा सोडून बाहेर येतो. कुठे लिहून दाखवावं लागलं नाही.

पुनरावृत्तीचं यंत्रही बदललं. आधी सरळ रँडम होतं, आणि रँडमला लाज नसते, एकच वाक्य लागोपाठ तीनदा काढतं. आता हाउजीच्या सोंगट्यांसारखं केलंय. काढलेलं वाक्य परत पिशवीत जात नाही, पिशवी रिकामी झाली की सगळी पुन्हा भरायची, आणि मागच्या पिशवीतलं शेवटचं नव्या पिशवीत पहिलं येऊ द्यायचं नाही. शिवाय सगळ्या वॉचमनांत मिळून आठ सेकंदांत एकच जण बोलणार. बॉम्बवाल्याला यातून सूट, तो कधीही बोलू शकतो.

एक बग मुद्दाम ठेवलाय. वॉचमन मेला की त्याचा नोड (गोडोमध्ये तो ज्या घटकात असतो तो) काढून टाकतो, आणि आवाजाचा प्लेअर त्याच्याच पोटात असल्याने वाक्य अर्ध्यात तुटतं. "अहो, मी काय म्ह". दुरुस्त करायला बसलो आणि स्वतःच हसलो. ठेवला.

सबटायटलनी मात्र रडवलं. गोडो 3 मध्ये देवनागरीचा चुराडा व्हायचा, वेलांट्या भलतीकडे आणि जोडाक्षरं फुटलेली. 4 मध्ये अक्षरं नीट जुळतात. पण मी एकेक अक्षर उमटवत होतो, त्यामुळे आधी पाय मोडलेला 'क्' आणि मग टुणकन 'क्ष'. लेबलमध्ये अक्षरं कधी झाकायची याची एक सेटिंग आहे, ती 'शेपिंगनंतर'वर, म्हणजे जोडाक्षरं जुळून झाल्यावर, ठेवली की हे थांबतं. दुसरी अडचण सेटिंगने सुटणारी नव्हती. माणूस ऐकण्याआधी वाचतो. वॉचमन "टाकतोय हं" म्हणेपर्यंत खेळणाऱ्याचं "तक्रार नको" वाचून झालेलं असतं. म्हणून आता एका वाक्याची दोन सबटायटलं, आवाज जिथे थांबतो तिथे तोडलेली.

3 ऑगस्ट, रविवार

आवाज मामाचा. बँकेतून रिटायर झालाय, राहतो नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. ही माझी पहिली चूक. ऑगस्टात संध्याकाळी तिथे रेकॉर्डिंग म्हणजे ढोल-ताशाच्या सरावात समाधी लावण्यासारखं. कपाटाचं दार उघडून त्यावर दोन रजया टाकल्या, मामाला आत बसवलं, माइकला मोजा घातला, तरी प्रत्येक टेकच्या तळाशी धडाम धडाम.

"मामा, उद्या दुपारी दोनला येऊ?"

"दोनला? झोपायची वेळ ती."

"मग?"

"बाराला ये. पानं घ्यायच्या आत उरकू."

बाराला गेलो तर आत मामीचा कुकर. तिसऱ्या शिट्टीपर्यंत थांबलो.

मला चिडलेला वॉचमन हवा होता. मी सारखं "मामा, जरा ओरड" म्हणत होतो. शेवटी तो कपाटातून बाहेर आला आणि म्हणाला, "मी कशाला ओरडू? तीस वर्षं काउंटरवर बसलो. ओरडतो तो, ज्याच्या हातात काही नसतं." आणि पुढची सगळी वाक्यं त्याने पासबुक परत देताना बोलावं तशी म्हटली. सपाट, सावकाश, जराशी कीव केल्यासारखी. "टाकतोय हं. नंतर तक्रार नको."

घरी येऊन गेममध्ये लावलं. समोरून पेटता गोळा येतोय आणि आवाज सांगतोय की खिडकी बंद झाली. माझ्या सगळ्या आरडाओरड्याच्या वाक्यांना मिळून इतकं हसू आलं नव्हतं. 'पोर्टल' (2007) मधल्या बंदूकधारी टरेटांचं गुपित हेच, मला इतकी वर्षं कळलं नव्हतं. गोळ्यांचा पाऊस, आणि आवाज लहान मुलासारखा गोड, तुमच्यावर राग नाही म्हणून सांगणारा. त्याच गेममधल्या ग्लॅडॉस या खलनायक कॉम्प्युटरला आवाज देणाऱ्या एलेन मॅक्लेन यांनीच टरेटांनाही आवाज दिलाय. वरवर दोन टोकं, पण थंडपणा एकच.

ढोलाचा एक टेक फेकला नाही. मामाच्या "थांबा" नंतर बरोबर तीन ठोके पडलेत, जणू ठरवून. नवे वॉचमन लिफ्टने खाली निघाले की आता हे तीन ठोके वाजतात. भाच्याला काही न सांगता खेळायला दिलं, दुसऱ्याच खेपेला ठोके ऐकून तो आपणहून लिफ्टच्या दाराकडे वळला.

17 ऑगस्ट, रविवार

पाट्या. पुण्यातला गेम म्हटल्यावर पहिला प्रश्न हाच येतो, आणि मीही मोहात पडून चाळीसेक लावल्या होत्या. खरं सांगायचं तर निम्म्या फोनवर फिरणाऱ्या फॉरवर्डमधल्या होत्या. हसवायच्या आधीच ओळखू यायच्या. त्यांनाही तोच नियम लावला आणि पाच राहिल्या.

पहिली अशी: "येथे उभे राहू नये. राहिल्यास आम्ही जबाबदार नाही. मागच्या वेळीही नव्हतो." खाली फरशीवर काळा डाग. पाच जणांनी खेळून पाहिलं, चौघे हसत हसत तिथेच उभे राहिले आणि वरून स्टीमचा झोत आला. त्यानंतर मात्र प्रत्येक पाटी थांबून वाचू लागले. पाटी उद्धट असली तरी खोटं बोलत नाही, हे त्यांना कळलं.

दुसरी खोडदवरून सुचली. नारायणगावजवळच्या त्या रेडिओ दुर्बिणीला 30 अँटेना आहेत, एकेक 45 मीटरची, आणि आकाशातली क्षीण कुजबुज ऐकायची असल्याने तिथे मोबाइल बंद ठेवावा लागतो. शाळेच्या सहलीत आम्ही त्यावरून बोलणी खाल्ली होती. सोसायटीच्या गच्चीवरही तशी तबकडी उभी केलीय, खाली पाटी: "यंत्रे बंद ठेवावीत. आमचे कान तुमच्यापेक्षा बरे आहेत." रडार चालू ठेवून गच्चीवर पाऊल टाकलं की सगळे वॉचमन एकदम तुमच्याकडे. बंद केलं की कुणी ढुंकून बघत नाही, पण तुम्हालाही ते दिसत नाहीत. तिसऱ्या लेव्हलमधली ही जागा सध्या माझी सगळ्यात लाडकी.

अक्षरासाठी आधी बलू फॉन्ट वापरला होता. फॉन्ट सुंदर आहे, पण पाट्या मिठाईच्या दुकानासारख्या दिसायला लागल्या. मग ऑइलपेंट आणि चपटा ब्रश आणून पत्र्यावर स्वतः रंगवल्या आणि फोटो काढून चढवल्या. 'जबाबदार' शेवटी जागा न पुरून बारीक झालंय. तसंच हवं होतं.

पिंपाचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या लेव्हलमध्ये पाण्याचं पिंप शेवटपर्यंत बरोबर न्यावं लागतं, पण सगळे ते पहिल्याच खोलीत विसरायचे. 'पोर्टल' करणाऱ्यांचाही हाच घोळ झाला होता. टेस्टर पेटी मागे सोडून जायचे, म्हणून त्यांनी पेटीवर बदाम काढले आणि ग्लॅडॉसला तिच्याविषयी बोलायला लावलं. मी बदाम काढून पाहिले, वरातीच्या गाडीसारखं दिसलं. मग पिंपावर खडूने लिहिलं, "हे पिंप आईचे आहे. परत आणणे." गेल्या टेस्टिंगला एकानेही सोडलं नाही. एक जण तर आग लागल्यावर बंदूक टाकून पिंप घेऊन पळाला.

उरला लिफ्टचा प्रश्न. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तिसरी लेव्हल लोड व्हायला नऊ सेकंद लागतात. 'मास इफेक्ट'मध्ये (2007) असा वेळ लिफ्टमध्ये लपवलेला होता, साथीदार तेवढ्यात गप्पा मारायचे. माझ्या लिफ्टमध्ये नुसती घरघर होती. काल रात्री मामाचा फोन.

"अरे, त्या वॉचमनच्या तोंडी एक वाक्य राहिलं."

"मामा, दीड सेकंदाच्या वर चालत नाही रे लढाईत."

"ऐक तरी." आणि त्याच्या त्या काउंटरवरच्या आवाजात: "लिफ्ट चालू होती, तेव्हा कुणी वॉचमनला विचारलं नाही. बंद पडली, की सगळे मलाच विचारतात. मी काय, लिफ्ट आहे?"

फोन कानाला लावूनच दुसऱ्या मोबाइलवर मोजलं. साडेआठ सेकंद. पुढच्या रविवारी बाराला जातोय, कुकर आधी काढून ठेव म्हणून मामीला सांगितलंय.