दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापाशी

सांगलीच्या पोरांना पुराची मापं पाठ असतात. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमची थोरली पाच वर्षांची होती आणि धाकटा पोटात होता. खालच्या मजल्यावरचं जमेल तेवढं सामान माळ्यावर टाकून आम्ही मिरजेला गेलो होतो. धाकट्यानं काहीच पाहिलेलं नाही, पण घरात ऐकून ऐकून त्याला सगळं तोंडपाठ आहे. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही पाच दिवस नाशिकला होतो. नाशिकमध्ये आमच्या मुलांनी सगळ्यांत जास्त आपलंसं केलं ते गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीला.

पण त्याच्याशी खरी भेट तिसऱ्या दिवशी झाली. पहिला दिवस माझ्या हट्टापायी वाया गेला.

मुलांची आत्या पाथर्डी फाट्याजवळ राहते. आदल्या रात्री दहा-अकरा तासांचा प्रवास करून आम्ही तिच्याकडं पोचलो आणि सकाळी सातलाच मी सगळ्यांना उठवलं. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, सोमेश्वर, गंगापूर धरण अशी यादी मी निघायच्या आधीच करून ठेवली होती. सीतागुंफेबाहेरच्या वडांना क्रमांकांच्या पाट्या आहेत. ते पाच वड मोजण्यात मुलं रमली होती, तर मी "चला, चला, रांग वाढतेय" म्हणून त्यांना ओढून नेलं. आत वाकून, सरपटून जावं लागतं. मुलांना ते सोपं, पण मागून मोठ्या माणसांचा रेटा आला तसा धाकटा घाबरला. दुपारी ज्या ठिकाणी जेवायला थांबलो तिथं पाऊण तास ताटाची वाट बघितली. संध्याकाळी धरणावरून परतताना त्याला गाडीत उलटी झाली आणि रात्री अंगात कणकण आली.

त्याच्या कपाळावर हात ठेवून आत्या एवढंच म्हणाली, "वहिनी, उद्यापासून दिवसाला एकच ठिकाण. बाकीचं नाशिक कुठं पळून जात नाही."

मी यादी पर्समधून काढून तिच्या फ्रिजवर ठेवली. ती अजून तिथंच असेल.

दुसऱ्या दिवशी धाकट्याला बरं वाटलं तसे उशिरा, आरामात पांडवलेण्यांकडं निघालो. आत्याच्या घरापासून गाडीनं पाच मिनिटं. दोनेकशे पायऱ्या आहेत, पण चढ अंगावर येत नाही. मुलांना तिकीट नव्हतं. नाव पांडवांचं असलं तरी ही बौद्ध लेणी आहेत, त्रिरश्मी डोंगरात कोरलेली, एकूण २४, आणि त्यांतली जुनी दोन हजार वर्षांपूर्वीची. एवढं मी पायऱ्या चढताना सांगितलं आणि गप्प बसले. आदल्या दिवशी मी फार बोलले होते.

वर तिसऱ्या लेण्यासमोर धाकटा आपसूक थांबला. ओसरीच्या खाली, जमिनीतून छातीपर्यंत वर आलेली सहा धिप्पाड माणसं कोरली आहेत आणि त्यांच्या खांद्यांवर दगडी तुळया आहेत. सगळं लेणं त्यांनी पालखीसारखं उचलून धरलंय असं वाटतं. "आई, हे भोई आहेत!" तो म्हणाला. मग त्यानं त्यांच्याकडं तोंड करून खांदा दिल्यासारखं केलं, दात-ओठ खाऊन. दहा मिनिटं तो तिथून हलला नाही आणि मीही हलवलं नाही.

थोरलीचं लक्ष वर भिंतीकडं होतं. तिथं ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लांबलचक लेख आहे. ब्राह्मीतला 'क' अधिकच्या चिन्हासारखा असतो आणि 'ठ' म्हणजे नुसतं गोल, एवढं मला कॉलेजपासून आठवत होतं. तेवढ्यावर तिचा खेळ सुरू झाला. मान वर करून ती 'क' शोधू लागली. खाली शेपूट जरा लांब, आडवी रेघ छोटी. "हा एक. हा दुसरा. आई, हा तुटलेला धरायचा का?" बावीस 'क' मिळाल्यावर तिनं विचारलं, की लिहिलंय काय पण?

हा लेख एका आईचा आहे, असं मी तिला सांगितलं. गौतमी बलश्री. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, सातवाहनांचा मोठा राजा. मुलगा गेल्यावर, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी राज्य करत असताना तिनं हे लेणं भिक्षूंना दान दिलं आणि भिंतीवर आपल्या लेकाचं कौतुक कोरून ठेवलं. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालंय, असं ती म्हणते. थोरली जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तो आईचं नाव लावायचा. आणि त्याचा मुलगापण." उतरताना दोघांनीही एकमेकांना माझ्या नावापुढं 'पुत्र' आणि 'कन्या' लावून हाका मारल्या. त्या हाका अजून घरात चालू आहेत आणि मला त्या फार आवडतात.

लेण्यांत पाण्याची टाकी कोरलेली आहेत, त्यांना पोढी म्हणतात. मुलांना तिथं न्यायचं तर हात धरून न्यावं.

तिसरा दिवस बुधवार होता. "आज गंगेवर बाजार असतो, जाऊ या," आत्या म्हणाली. "गंगा तर उत्तरेत आहे," थोरली भूगोलाच्या ठसक्यात म्हणाली. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. घाटावर जायचं म्हणजे गंगेवर जायचं. आत्याला लग्न होऊन नाशिकला आल्यावर ही सवय लागायला वर्ष लागलं होतं, आता तिच्या तोंडी दुसरा शब्द येत नाही.

बुधवारी घाटाचा रंगच वेगळा असतो. मेथीच्या जुड्या, कपडे, सुकी मासळी, लोखंडी तवे आणि विळे, सगळं नदीच्या काठावर मांडलेलं. आणि या गर्दीच्या वर डोकं काढून उभा असलेला तो शेंदरी मारुती. पुढं एक तोंड, मागं एक. पहिल्या दिवशी आम्ही त्याच्या बाजूनंच घाईत गेलो होतो आणि मुलांना तो दिसलाही नव्हता.

आत्यानं सांगितलं, की पावसाळ्यात धरणाचं पाणी सोडलं की नाशिकमध्ये कुणी फूट विचारत नाही. मारुतीच्या गुडघ्याला लागलं का, कमरेला लागलं का, छातीला लागलं का, असंच विचारतात. गळ्याशी आलं की सराफ बाजारातले दुकानदार माल हलवायला लागतात. पाणी डोक्यावरून गेलं की महापूर.

"आयर्विनसारखंच!" धाकटा ओरडला. आणि मग तो मारुतीच्या पायाशी जाऊन उभा राहिला, डोक्यावर हात सपाट धरून, आपण कुठवर पोचतो ते बघायला. गुडघ्याच्या आसपास पोचला. "म्हणजे गुडघ्याला पाणी आलं तर मी बुडालो," तो हिशेब करून म्हणाला. त्याच्या आवाजात भीती नव्हती, पण माझ्या पोटात कालवलं. २०१९ च्या त्याच ऑगस्टात, आमच्या काही दिवस आधी, इथंही पूर आला होता आणि हा मारुती पाण्याखाली गेला होता. आत्यानं तेव्हा फोनवर सांगितलं होतं, पण आमच्याच घरात धांदल उडालेली, कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. दोन नद्यांकाठची एकाच घरातली माणसं एकाच महिन्यात पाण्याकडं बघत बसली होती, हे मला तिथं, त्या दगडापाशी उभं राहिल्यावर कळलं.

थोरलीनं आत्याला विचारलं, "मागचं तोंड कशाला?" आत्या म्हणाली, "एक पाणी येताना बघायला, एक जाताना." हे तिचं स्वतःचं उत्तर, पण मुलांना ते पटलं आणि मलाही.

समोरच नारोशंकराचं देऊळ. त्याची ती प्रसिद्ध घंटा, वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली, बाहेरूनही दिसते. पुराचं पाणी घंटेपर्यंत चढल्याच्या आठवणी घाटावरचे लोक सांगतात. मुलांनी तिचंही माप मनातल्या मनात घेतलं.

बाजारातून भांडी बाजाराकडं गेलो. ठक-ठक-ठक आवाज गल्लीच्या तोंडाशीच येतो. एका दुकानाच्या पायरीवर एक आजोबा तांब्याच्या हंड्याला मठारत होते. हंडा लोखंडी खुंट्यावर चढवलेला, डावा हात तो कणाकणानं फिरवतोय आणि उजव्या हातातली हातोडी एकाच उंचीवरून पडतेय. प्रत्येक ठोक्याला नखाएवढा चकचकीत खळगा, त्याच्याशेजारी दुसरा, ओळ जराही वाकडी नाही. मुलं पायरीवरच बसली. आजोबा हात न थांबवता म्हणाले, "बाळा, हे नुसतं दिसायला नाही हो. ठोकल्यानं पत्रा कडक होतो, मग भांडं चेपत नाही." मी मठारलेला एक छोटा तांब्या घेतला. रोज रात्री त्यात पाणी भरून ठेवते.

त्याच संध्याकाळी काळारामाला पुन्हा गेलो, या वेळी फक्त तिथंच. काळ्या दगडाचं भव्य देऊळ, अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी बांधलेलं. ओवऱ्या लांबच लांब, गार फरशी, मुलांना पळायला मोकळं. बाहेर येताना दारापाशी मी थोरलीला थांबवलं. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक या देवळात जायचा हक्क मागायला इथं आले होते आणि दारं बंद केली गेली, हे तिनं शाळेत वाचलं होतं. पण पुस्तकातलं दार आणि हे दार एकच, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. "मग उघडलं का त्यांनी?" तिनं विचारलं. नाही, म्हटलं. दादासाहेब गायकवाड आणि बाकीच्यांनी काही वर्षं सत्याग्रह चालवला, तरी दार उघडलं नाही. आपण आत्ता दोनदा आत जाऊन आलो, तिला कुणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. ती वळून दाराकडं बघत राहिली. पहिल्या दिवशी आम्ही याच दारातून सात मिनिटांत बाहेर पडलो होतो, याचं मला वाईट वाटलं.

चौथा दिवस पक्ष्यांचा. नांदूर मध्यमेश्वर निफाड तालुक्यात, तासाभराच्या रस्त्यावर आहे. पहाटे पाचला निघालो. निफाडची थंडी माहीत असून कानटोप्या कमीच पडल्या. वाटेत द्राक्षबागा, घडांना कागद गुंडाळलेले. सांगलीच्या पोरांना त्याचं नवल नाही, "आपल्यासारखंच" म्हणून पुन्हा झोपली. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर शंभरेक वर्षांपूर्वी बंधारा बांधला. त्यामागं गाळ साचत गेला, उथळ पाणथळ झाली, आणि पक्षी आले. २०२० मध्ये ही जागा जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, महाराष्ट्रातली पहिली.

चापडगावच्या बाजूनं आत गेलो. गावातलेच एक गाईडदादा दुर्बीण खांद्यावर घेऊन बरोबर आले. मुलांना कसं दाखवायचं याची त्यांना चांगली समज होती. नाव आधी सांगायचे नाहीत. दुर्बीण लावून द्यायचे आणि विचारायचे, "चोचीवर काय दिसतं?" थोरली म्हणाली, टोकाला पिवळं आणि कपाळापाशी दोन लाल ठिपके. "म्हणून हे हळदी-कुंकू बदक." मग काळाकुट्ट, कपाळावर पांढरा पट्टा असलेला एक. "कपाळाला गंध लावलंय!" धाकटा म्हणाला. "मग ओळखा की. वारकरी." पोरं हरखून गेली. शेकड्यानं वारकरी पाण्यावर होते. तेवढ्यात वर एक शिकारी पक्षी घिरट्या घालू लागला. दादा त्याला भोवत्या म्हणाले. तसे सगळे वारकरी पाण्यावर धावत, पाय आपटत एका जागी गोळा झाले, अगदी दाटीवाटीनं. "दिंडी," धाकटा कुजबुजला. तो इतकं हळू बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं.

तीन तास गेले. घरून आणलेले मेथीचे ठेपले मनोऱ्यावर बसून खाल्ले. मुलांना घेऊन जाणार असाल तर खायचं-प्यायचं बरोबर घ्या, आणि उजाडताना पोचा. ऊन चढलं की पक्षी लांब जातात.

त्र्यंबकेश्वरला गेलो नाही. सुट्टीतली रांग लहान मुलांना घेऊन सोसवली नसती आणि मला आता त्याची चुटपुट नाही. निघायच्या सकाळी आत्यानं घरीच काळ्या मसाल्याची मिसळ केली, वर पापड, शेजारी जिलेबी. मुलांनी जिलेबीच खाल्ली. पुण्याच्या रस्त्यावर सिन्नरला गोंदेश्वराचं देऊळ अर्धा तास बघितलं, तेवढंच.

सांगलीत शिरायला रात्र झाली. कृष्णा ओलांडताना थोरली झोपेत होती. धाकटा काचेला नाक लावून बसला होता. खाली पाणी दिसत नव्हतं, नुसता काळोख.

"आई," तो म्हणाला, "आपल्याकडं मारुती का नाही उभा केला?"

"आपल्याकडं पूल आहे ना."

"पुलाला गुडघा कुठाय?"

घरी पोचल्यावर त्यानं झोपायच्या आधी खालच्या मजल्यावर नेऊन मला २०१९ ची खूण दाखवायला लावली. रंगाखाली ती आता दिसत नाही, पण मला जागा माहीत आहे. मी भिंतीवर बोट टेकवलं, माझ्या खांद्याच्या वर. तो शेजारी उभा राहिला, डोक्यावर हात सपाट धरून.